लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहातला बेन शान: काय मिळतं, कसं काढायचं, कुठे अडतं

१९३० च्या दशकातल्या महामंदीतली अमेरिका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डोरोथिआ लँगने मार्च १९३६ मध्ये टिपलेली ती चिंतातुर आई येते. त्याच सरकारी प्रकल्पासाठी त्याच वर्षांत बेन शानही फोटो काढत हिंडत होता. तो मुळात चित्रकार. भित्तिचित्रं, टेम्परातली (अंड्याच्या बलकासारख्या माध्यमात कालवलेल्या रंगांची) चित्रं, पोस्टर, पुस्तकांतली रेखाटनं, अक्षरांकन असं सगळं त्याने केलं, आणि या सगळ्यात छायाचित्रणाला त्याने दिलेला काळ फार थोडा. पण भारतात बसून, एक पैसाही न मोजता, त्याचं जे काम मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेल्या रूपात मिळतं ते नेमकं हेच. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा संग्रह ऑनलाइन खुला ठेवला आहे. हा आढावा त्या सेवेचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. संग्रह अप्रतिम आहे, त्यातली शोधाची सोय बेताची आहे, आणि नवखा माणूस हमखास चुकतो अशा तीन-चार जागा आहेत. गाजलेला एखादा फोटो उतरवून घ्यायचा असेल तर दहा मिनिटं पुरतात. पण या सेवेचा खरा उपयोग वेगळा आहे: शानने एकाच जागी एकामागून एक काय काय टिपलं ते क्रमाने बघणं. ही सोय छापील पुस्तकात सहसा मिळत नाही.

आधी माणसाबद्दल थोडं. शानचा जन्म १८९८ चा, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या लिथुआनियातल्या कोव्नो गावचा. वडील लाकडावर कोरीव काम करणारे. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना सैबेरियात धाडलं गेलं. १९०६ मध्ये हे ज्यू कुटुंब ब्रुकलिनला पोचलं. किशोरवयातच शान लिथोग्राफीच्या (दगडावरून चित्रं छापण्याच्या) कारखान्यात उमेदवारीला लागला आणि अक्षरांचं त्याचं वेड तिथलंच. १९३१-३२ मध्ये त्याने साको आणि व्हँझेटी या दोन इटालियन स्थलांतरित कामगारांवर २३ गुआशची (अपारदर्शक जलरंगातल्या चित्रांची) मालिका केली. ज्या खटल्यात त्या दोघांना १९२७ मध्ये देहदंड झाला, तो न्याय्य नव्हता असं जगभर अनेकांचं मत होतं. शानचं नाव झालं ते या मालिकेने. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकन चित्रकार डिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रावर तो मदतनीस होता. त्यात रंगवलेल्या लेनिनच्या चेहऱ्यावरून वाद पेटला आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते चित्र फोडून टाकलं गेलं.

कॅमेरा हातात आला तो याच सुमारास, छायाचित्रकार वॉकर इव्हान्सच्या संगतीत. दोघे एकाच स्टुडिओत राहत होते. इव्हान्सने दिलेला फोटोग्राफीचा धडा शानने पुढे मुलाखतीत सांगितला आहे: उन्हाच्या बाजूला एफ-९, सावलीच्या बाजूला एफ-४.५, आणि एक विसांश सेकंदाला कॅमेरा घट्ट धर. एवढंच. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं त्याचं माप; आकडा लहान तितका प्रकाश जास्त.) शानचे फोटो बघताना हा धडा लक्षात ठेवा. एक विसांश सेकंद हा हातातल्या कॅमेऱ्यासाठी मंद वेग आहे, त्यामुळे चालणारे पाय किंवा हलता हात पुसट दिसला तर तो स्कॅनचा दोष समजू नका.

सप्टेंबर १९३५ मध्ये तो रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यात चित्रकार म्हणून लागला. त्याच खात्यात रॉय स्ट्रायकरच्या हाताखाली छायाचित्रांचा विभाग होता. शानने आपली जोडीदार बर्नार्डा ब्रायसन हिच्यासोबत (तीही चित्रकार) त्याच शरद ऋतूत वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातून आर्कान्सा, लुईझियाना, मिसिसिपीपर्यंत दौरा केला. काढलेले फोटो स्ट्रायकरच्या विभागात जमा झाले. १९३७ मध्ये खात्याचं नाव फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं, १९४२ मध्ये विभाग युद्ध माहिती कार्यालयाकडे गेला आणि १९४४ मध्ये सगळा साठा लायब्ररीकडे आला. साधारण १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह, १,०७,००० च्या आसपास कागदी प्रिंट आणि १,६१० रंगीत पारदर्शिका असा हा पसारा आहे. शानचा वाटा पूर्ण कृष्णधवल.

आता शोधायचं कसं. लायब्ररीच्या दोन खिडक्या आहेत: मुख्य संकेतस्थळावरचं या संग्रहाचं पान आणि छायाचित्र विभागाचा जुना कॅटलॉग. मुख्य पान फोनवर नीट दिसतं. अभ्यास करायचा असेल तर जुना कॅटलॉग घ्या; दिसायला जुनाट आहे, पण शेजारच्या फ्रेम बघण्याची सोय त्यात आहे. शानचं आडनाव इंग्रजीत लिहिताना दोनदा एच येतो: एस, एच, ए, एच, एन. दुसरा एच गाळला तर भलतेच लोक समोर येतात. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग बेन, असं निर्मात्याच्या रकान्यात टाका. सगळ्या मजकुरात शोधलंत तर त्याच्याविषयीची इतर सामग्रीही त्यात मिसळते.

मग राज्य आणि महिना जोडून गाळणी लावा. ऑक्टोबर १९३५ आणि आर्कान्सा टाकलं की पुलास्की काउंटीतल्या अलेक्झांडर मळ्यावर सकाळी साडेसहाला कापूस वेचायला निघालेली माणसं आणि बून काउंटीतली मदतीवर असलेली कुटुंबं समोर येतात. वेस्ट व्हर्जिनिया टाकलं की स्कॉट्स रनचे संपकरी खाणकामगार आणि मॉर्गनटाउनच्या संपात कमरेला पिस्तूल लावून उभा असलेला डेप्युटी. १९३८ चा उन्हाळा आणि ओहायो टाकलं की गव्हाची कापणी आणि लहान गावांचे मुख्य रस्ते. गावांची नावं नकाशावर बघायची असतील तर रिचमंड विद्यापीठाच्या आश्रयाखाली चालणारं फोटोग्रामर हे संकेतस्थळ याच संग्रहावर बांधलेलं आहे. त्यात छायाचित्रकार निवडून काउंटीनुसार फोटो बघता येतात. स्थळावरून शोध घ्यायला ते लायब्ररीच्या स्वतःच्या शोधापेक्षा सरस आहे. फोटो मात्र तिथून उतरवू नका. मोठ्या फाइलसाठी लायब्ररीतच परत या.

शोध फसतो तो मुख्यतः शब्दांमुळे. फोटोंखालच्या ओळी १९३० च्या दशकातल्या, आणि त्या तशाच ठेवल्या आहेत. कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा सरकारी कागदांत जो शब्द चालत असे, निग्रो, तोच त्यांत आहे. आजचा सभ्य शब्द टाकून शोधलंत तर निम्मं काम दिसतच नाही. विषयवार शीर्षकंही बहुतेक नोंदींना लावलेली नाहीत, त्यामुळे 'स्थलांतर' किंवा 'बेरोजगारी' असे विचारवाचक शब्द फारसे उपयोगी पडत नाहीत. वस्तूची नावं टाका: कापूस, कोळसा, पोर्च, चर्च, हार्मोनियमचा भाऊबंद ॲकॉर्डियन. शानच्या फोटोंखालच्या ओळी त्रोटक आहेत आणि त्यांत माणसांची नावं क्वचितच सापडतात. ही या संग्रहाची सगळ्यात दुखरी बाजू. ज्यांच्या गरिबीचं देशाला दर्शन घडवलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

नोंदीवर दोन क्रमांक असतात, आणि दोन्ही समजून घेतले की निम्मं कोडं सुटतं. पहिला निगेटिव्हचा. त्यात 'यूएसएफ३३' दिसलं की ती ३५ मिलिमीटरची फिल्म. 'यूएसएफ३४' म्हणजे त्याहून मोठी निगेटिव्ह. शान लायका हा ३५ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा वापरत असल्याने त्याचं बहुतेक काम ३३ मध्ये आहे. क्रमांकाच्या शेवटी एम१ ते एम५ असतं, कारण फिल्म पाच-पाच फ्रेमच्या पट्ट्यांत कापलेली होती. म्हणजे आधीचा क्रमांक तोच आणि शेवटी एम१, एम२, एम३ असेल तर त्या एकाच पट्टीवरच्या फ्रेम. दुसरा क्रमांक डिजिटल फाइलचा; फोटो छापताना श्रेय देताना तो लिहायचा.

जुन्या कॅटलॉगमध्ये नोंदीच्या पानावर 'क्रमांकानुसार शेजारच्या नोंदी बघा' अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबा. इथून पुढे संग्रहाची खरी मजा सुरू होते. एक गाजलेला फोटो मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेच दार, तोच माणूस, पण शान दोन पावलं डावीकडे सरकलेला. यांतल्या पुष्कळ नोंदींवर 'शीर्षक नाही, बहुधा अमुक फोटोशी संबंधित' असं लिहिलेलं दिसेल. या फ्रेम तेव्हा छापल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून त्यांना ओळ मिळाली नाही. पुढे शेजारच्या फ्रेमवरून अंदाज बांधून ही नोंद केली गेली. पुष्कळ लोक शीर्षक नाही म्हणून त्या वगळतात. वगळू नका. शान कसा विचार करत होता ते त्यांतच दिसतं.

काही फ्रेममध्ये ठसठशीत काळा गोल दिसेल, कधी आकाशात, कधी थेट चेहऱ्यावर. तो स्कॅनचा दोष नाही. स्ट्रायकरला जे फोटो नापसंत होते त्यांच्या निगेटिव्हला तो पंचने भोक पाडत असे. भोकातून प्रकाश थेट जातो, म्हणून पॉझिटिव्हमध्ये तिथे काळं येतं. छायाचित्रकारांनी याबद्दल तक्रारी केल्या, शाननेही, आणि पुढे ही पद्धत बंद पडली. फोटो छापायला घेताना सॉफ्टवेअरने ते भोक बुजवू नये असं आमचं ठाम मत आहे. सरकारी संपादकाने एका कलावंताच्या कामावर केलेली ती खूण आहे आणि ती दिसली पाहिजे.

शेजारच्या फ्रेम चाळताना आणखी एक गोष्ट जाणवते: माणसं कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. शान लायकाला काटकोनी व्ह्यूफाइंडर लावत असे. त्यात डोळा एका दिशेला आणि लेन्स नव्वद अंशांनी दुसऱ्या दिशेला असते. समोरच्याला वाटतं हा गृहस्थ भलतीकडेच बघतोय. त्यामुळे चेहरे मोकळे मिळाले. चौकट मात्र अनेकदा तिरकी, कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा कापलेला. काटकोनात पाहून फ्रेम बांधणं अवघडच. माणसाला न सांगता त्याचा फोटो घ्यावा का हा प्रश्न त्यात आहेच, आणि तो आज रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र हा साठा वेगळ्याच कारणाने मोलाचा. शानला फोटो हा चित्राचा कच्चा माल होता. १९३५ मध्ये स्कॉट्स रनला टिपलेले संपकरी १९३७ च्या त्याच नावाच्या टेम्परा चित्रात आले. ते चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. वेस्ट मेम्फिसच्या रस्त्यावरचा आंधळा वादक दहा वर्षांनी, १९४५ मध्ये, 'ब्लाइंड ॲकॉर्डियन प्लेअर' या चित्रात परतला. ब्राँक्सच्या टपाल कचेरीतल्या भिंतींवर कापूस वेचणारे हातही याच दौऱ्याची देणगी. संगणकावर दोन खिडक्या शेजारी उघडा, एकात लायब्ररीतली पट्टी, दुसऱ्यात संग्रहालयाच्या पानावरचं चित्र. कुठली रेघ ठेवली, कुठला तपशील गाळला, हाताचा पंजा किती मोठा केला, मागची भिंत कशी सपाट रंगाची झाली, हे सगळं मोजून बघता येतं. एका माणसाच्या कामाचा असा आधीचा आणि नंतरचा टप्पा इतक्या सहज शेजारी ठेवता येणं फार दुर्मीळ.

उतरवून घेण्याविषयी. प्रत्येक नोंदीला सहसा छोटा जेपेग, मधला जेपेग आणि टिफ (सर्वांत मोठी, पूर्ण तपशिलाची फाइल) असे पर्याय असतात. मधला जेपेग साधारण हजार पिक्सेलचा. पडद्यावर छान दिसतो, पण ३०० पिक्सेल दर इंच या हिशेबाने जेमतेम साडेतीन इंचांची प्रिंट देतो. तो घेऊन मोठी प्रिंट मागवायची आणि ती धूसर आली की लॅबला दोष द्यायचा, हा नेहमीचा प्रकार. छपाईसाठी टिफच घ्या, आणि उघडल्यावर आधी पिक्सेल मोजा, कारण सगळे स्कॅन एकाच आकाराचे नाहीत. ८×१२ इंचाला २४००×३६०० पिक्सेल हवेत, १२×१८ ला ३६००×५४००. कमी असतील तर आकार लहान ठेवा, सॉफ्टवेअरने फुगवू नका. फिल्मचा रवाळपणा (ग्रेन) जाऊन सगळं मेणासारखं गुळगुळीत होतं.

आकारही ८×१२ किंवा १२×१८ च निवडा. ३५ मिलिमीटरची फ्रेम ३:२ प्रमाणात असते आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये हे दोन्ही आकार सर्रास मिळतात. ए-४ वर आडवी छापलीत तर २९७ मिलिमीटर रुंदीला उंची १९८ येते, म्हणजे १२ मिलिमीटर कागद कोरा राहतो. दुकानदार तो भरायला कडा कापतो आणि शानने कडेला ठेवलेला तो अर्धा खांदा गायब.

टिफ उघडल्यावर फोटो फिका, राखाडी वाटेल. निगेटिव्हचा तपशील हरवू नये म्हणून स्कॅन मुद्दाम सौम्य ठेवलेले असतात. फोटो सॉफ्टवेअरमधलं कर्व्ह (उजेड-सावली बदलायचं साधन) वापरून सर्वांत गडद सावली काळ्यापर्यंत आणा, उजळ भागाला हात हलका ठेवा. धूळ आणि ओरखडे हवे तर काढा. मग आठ बिटचा, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतला जेपेग करून लॅबला द्या आणि दोन गोष्टी बजावून सांगा: ऑटो करेक्शन बंद, आणि कडा कापायच्या नाहीत. साध्या रंगीत कागदावर कृष्णधवल छापलं की हिरवट किंवा जांभळट झाक येते. ती नको असेल तर पिगमेंट शाईने मॅट कागदावर छापून घ्या. महाग पडतं, पण भिंतीवर लावायचं असेल तर खर्च सार्थकी लागतो. लायब्ररी स्वतःही पैसे घेऊन प्रिंट आणि नवे स्कॅन पुरवते; भारतातून मागवायची गरज क्वचितच पडते.

हक्कांचं म्हणाल तर अमेरिकन सरकारच्या नोकरीत काढलेले हे फोटो तिथे सार्वजनिक मालकीचे आहेत, आणि लायब्ररीच्या नोंदीत वापरावर ज्ञात निर्बंध नसल्याचं लिहिलेलं असतं. श्रेय म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेस, छापील चित्र व छायाचित्र विभाग आणि फाइलचा क्रमांक द्या. हीच मोकळीक शानच्या चित्रांना नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. चित्रांचे हक्क त्याच्या वारसांकडे आहेत. तो १९६९ मध्ये वारला. भारतीय कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०२९ संपेपर्यंत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र परवानगीशिवाय टाकू नका.

सेवेची मर्यादाही इथेच स्पष्ट होते. लायब्ररीत शान प्रामुख्याने छायाचित्रकार म्हणून भेटतो. काही पोस्टर आहेत: धुळीच्या वादळांनी खचलेल्या शेतकऱ्याचं 'इयर्स ऑफ डस्ट', किंवा नाझींनी लिडित्से गाव नष्ट केल्यावर १९४२ मध्ये केलेलं, डोक्यावर बुरखा चढवलेल्या कैद्याचं. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सरकारी नोकरीच्या आधी काढलेले त्याचे फोटो हार्वर्डच्या कला संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या अटी वेगळ्या. 'हँडबॉल' हे १९३९ चं चित्र अशाच एका फोटोवरून आलं, ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याची १९६४ ची सविस्तर मुलाखत आणि कागदपत्रं स्मिथसोनियनच्या कला अभिलेखागारात विनामूल्य वाचता येतात. लायब्ररीच्या पानांवरून या ठिकाणांकडे नेणारी वाट फारशी नाही; आपली आपणच जोडावी लागते.

जे वाचक अमेरिकेत राहतात त्यांनी प्रत्यक्ष जावं. वॉशिंग्टनला मॅडिसन इमारतीतल्या चित्र विभागाच्या वाचनालयात या संग्रहाच्या कागदी प्रिंट कपाटांत लावलेल्या आहेत आणि त्या स्वतः चाळता येतात. वाचक-पत्र फुकट मिळतं, वय १६ किंवा जास्त आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे, आणि शानचं सर्वांत महत्त्वाचं भित्तिचित्र त्याच राज्यात, रूझवेल्ट या छोट्या गावात आहे. कपडे शिवणाऱ्या ज्यू कामगारांसाठी वसवलेली ती वसाहत, तेव्हाचं नाव जर्सी होमस्टेड्स. १९३७-३८ मध्ये ओल्या गिलाव्यावर केलेलं हे फ्रेस्को साधारण १२ फूट उंच आणि ४५ फूट लांब आहे: डावीकडे बोटीतून उतरणारे स्थलांतरित, त्यांत आइनस्टाइन, मग कोंदट शिवणखाने, संघटनेची सभा आणि शेवटी नव्या गावाचा नकाशा मांडून बसलेली माणसं. काम झाल्यावर शान त्याच गावात राहायला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. चित्र आज गावच्या प्राथमिक शाळेत आहे. शाळा चालू असते, त्यामुळे आधी कार्यालयाशी बोलून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. ब्राँक्सच्या टपाल कचेरीतली १३ चित्रं बघायची असतील तर आत प्रवेश आहे का ते निघण्यापूर्वी विचारा: चित्रं असलेलं दालन २०१३ मध्ये वारसा म्हणून संरक्षित झालं, पण इमारत २०१४ मध्ये विकली गेली.